मोड आलेला गहू

बीअर हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच माणसे बोलायला पुढे सरसावतात. एक पिणारा आणि दुसरा पिऊ नका म्हणणारा. दोघांचेही आवाज मोठे आणि दोघांकडेही दाखले तयार. या गलक्यात तिसरे एक माणूस असते. ते प्यायलाही बसत नाही आणि भाषणही करत नाही, कारण ते चुलीपाशी असते. धान्य भिजवणे, मोड आणणे, आंबवणे, फुगवणे हे त्याचे रोजचे काम. त्याला कुणी काही विचारत नाही. माझे म्हणणे असे, की या विषयातले खरे जाणते माणूस तेच आहे. त्याला न विचारल्यामुळे आपण, आणि विशेषतः आम्ही गोवेकर, एक मोलाची विद्या घालवून बसत आहोत.

गंमत अशी की हा विचार मनात पक्का झाला तो गोव्यात नव्हे. जिथे बीअरचा थेंब मिळत नाही अशा गुजरातेत, बडोदे जिल्ह्यातल्या करजणला.

करजण म्हणजे बडोद्याहून भरूचकडे जाताना लागणारे तालुक्याचे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तिथूनच जातो. रेल्वे स्टेशनचे नाव मियागाम करजण. रेल्वेच्या इतिहासात या नावाला मान आहे. डभोई ते मियागाम ही अडीच फुटी रुळांची लाइन गायकवाड सरकारने १८६२ साली टाकली. भारतातली ती पहिली नॅरो गेज, आणि सुरुवातीला तिच्यावरचे डबे बैल ओढत. आजूबाजूला काळी जमीन, कापूस आणि जिनिंगचे कारखाने. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तोवर हा सगळा मुलूख गायकवाडांचा. त्यामुळे तिथे अजूनही मराठी घरे आहेत. त्यांची तिसरी-चौथी पिढी घरात मराठी बोलते, पण मराठी बोलता बोलता गुजरातीचा हात केव्हा धरते ते तिचे तिलाच कळत नाही.

आमच्या सौ.च्या मावशी अशाच एका घरातल्या. यजमान जिनिंगच्या कारखान्यात हिशेबनीस होते, म्हणून बडोद्याची ही मुलगी करजणची झाली. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच दिवस त्यांच्याकडे होतो. त्याच वेळी त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे मेहुणे, अमेरिकेतल्या पोर्टलंडहून सुट्टीवर आले होते. संगणकाचे काम करतात आणि शनिवार-रविवार घरी बीअर बनवतात. ती पण गव्हाची. आईला हे ठाऊक आहे. आवडत नाही, पण ठाऊक आहे.

आता ही अमेरिकन गव्हाची बीअर काय असते, ते सांगायला हवे. आपल्याकडे बीअर म्हटले की पिवळी, काचेसारखी नितळ आणि थंडगार लागर, एवढेच डोळ्यांपुढे येते. ती मुख्यतः जवाची. गव्हाची बीअर गढूळ असते आणि तो गढूळपणाच तिचा दागिना. गव्हात प्रथिने जास्त, त्यामुळे रंग धुरकट आणि वरचा फेस दाट. पण गव्हाला टरफल नसते. नुसता गहू घेतला तर त्याचा चिखल होतो आणि रस गाळता येत नाही. म्हणून टरफलवाला जव सोबत घ्यावाच लागतो.

युरोपात हिची दोन जुनी घराणी. जर्मनीत निम्म्याहून अधिक गहू घेतात आणि तिथले खास यीस्ट त्या बीअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास देते. वरून केळे-लवंग काही घालत नाहीत, सगळी किमया यीस्टची. बेल्जियममध्ये कच्चा गहू, संत्र्याची साल आणि धणे. होय, आपले आमटीतले धणे. हे दुसरे घराणे बुडालेच होते. होगार्डन गावातल्या पिएर सेलिस नावाच्या माणसाने ते १९६६ मध्ये पुन्हा उभे केले आणि पुढे १९९२ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनला नेऊन तिथेही रुजवले.

अमेरिकेची गोष्ट आणखी निराळी. तिथे १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली तरी छोटे बीअरवाले फारसे सावरले नाहीत. १९७० चे दशक संपता संपता सबंध देशात शंभरसुद्धा कारखाने उरले नव्हते. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरी बीअर बनवायला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि न्हाणीघरांतून, गॅरेजांतून हौशी लोकांचे प्रयोग उघडपणे सुरू झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीने १९८४ मध्ये गव्हाची बीअर काढली. १९८६ मध्ये पोर्टलंडच्या विडमर बंधूंनी आपली गव्हाची बीअर न गाळताच विकायला आणली. केळ्या-लवंगेचा वास नाही, साधे यीस्ट, धान्याची चव पुढे, आणि पेल्याच्या काठाला लिंबाची फोड. हाच पुढे अमेरिकन प्रकार ठरला. आज त्या देशात नऊ हजारांवर बीअरघरे आहेत.

आपल्याकडेही हे लोण आले. पुण्यात २००९ मध्ये 'डुलाली' सुरू झाली आणि ताजी, गढूळ, गव्हाची बीअर मराठी माणसाच्या पेल्यात आली. २०१५ मध्ये 'बिरा ९१' ची पांढरी बीअर बाटलीतून देशभर पोचली. गोव्यात तर आता विचारूच नका. पूर्वी ज्या वाड्यावर एक ताव्हेर्न होती, त्याच रस्त्याला आता तांब्याच्या पिंपांची बीअरघरे आहेत. मला त्याचे वावडे नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी असा एक पेला मीही घेतो आणि चांगला लागला तर चांगला म्हणतो.

तर करजणला एका दुपारी मेहुण्यांनी भज्यांचा घाट घातला. पोर्टलंडला ते पीठ पाण्यात नव्हे, गव्हाच्या बीअरमध्ये कालवतात. "जिजाजी, गोव्याहून येताना एक तरी कॅन आणायचा!" म्हणाले. मी म्हटले, आणला असता तर भज्यांऐवजी जामिनाची तयारी करावी लागली असती. पण त्यांचे शास्त्र चुकीचे नव्हते. बीअरमधला वायू पिठात बारीक बुडबुडे सोडतो. अल्कोहोल पाण्याच्या आधी उडून जाते, त्यामुळे कवच लवकर कोरडे आणि कुरकुरीत होते. शिवाय गव्हाच्या बीअरमध्ये हॉप नावाच्या वेलीची कडू फुले कमी पडतात. कडू बीअर आटवली की पदार्थ किराईतासारखा कडूजार होतो, गव्हाची तसा करत नाही. म्हणून तिकडचे आचारी कालवे-शिणाणे वाफवायला हीच घेतात.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "कडकडीत तेलाचे मोहन घाल, चिमूटभर सोडा घाल. भजी कुरकुरीतच होतात. त्यासाठी तुरुंगात कशाला जायला हवे?"

भजी तशीच झाली आणि उत्तम झाली. पण बोलणे तिथे थांबले नाही. मेहुणे म्हणाले, बीअर राहू द्या, बीअरचे सामान तरी स्वयंपाकात यायला काय हरकत आहे? माल्ट आहे, यीस्ट आहे, गाळून उरलेला धान्याचा चोथा आहे. तो चोथा वाळवून, दळून ते पावात घालतात. माल्टचे पीठ धिरड्यात घालतात. मग मावशींनी विचारले की हे तुमचे माल्ट बनवतात कसे. मेहुणे उत्साहाने सांगू लागले. गहू भिजवायचा, उपसून दोन-तीन दिवस मोड येऊ द्यायचे, मग वाळवायचा, हलका भाजायचा, मोड चोळून काढायचे आणि भरडायचा.

मावशी हसायला लागल्या. "अरे दीकरा, सहाव्या महिन्यापासून तुला हेच तर चारले!"

मावशी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान शिकल्या, त्या १९८० च्या दशकात. त्याच काळात तिथल्या अन्न व पोषण विभागात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांचे सहकारी एका प्रश्नाच्या मागे लागले होते. प्रश्न साधा दिसतो. गरीब घरातले मूल वरचे खायला लागले की वाळायला का लागते? कारणे अनेक, पण त्यातले एक भांड्यातच आहे. पिठाची लापशी शिजली की घट्ट होते. घट्ट लापशी सहा-आठ महिन्यांच्या मुलाला गिळवत नाही, म्हणून आई तिच्यात पाणी घालते. आता मुलाचे पोट ते केवढे, मुठीएवढे. ते पाण्याने भरते. मूल पोटभर जेवते आणि उपाशी राहते.

यावर बडोद्याच्या त्या विभागाने उत्तर दिले ते मोड आलेल्या धान्याचे. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे पाचक द्रव्य तयार होते. कोंभाला खायला मिळावे म्हणून दाण्यातल्या पिठाचे तुकडे करणे हे त्याचे काम. असा दाणा वाळवला तर ते द्रव्य आत तसेच झोपून राहते. त्याचे पीठ चमचाभर जरी गरम, घट्ट लापशीत घातले, तरी ते जागे होऊन कामाला लागते आणि लापशी पाणी न घालताच पातळ होते. म्हणजे तेवढ्याच वाटीत दुप्पट-तिप्पट पीठ बसते आणि मूल ते गिळू शकते. गव्हाच्या माल्टवर या विभागाने १९८० च्या दशकातच शोधनिबंध प्रसिद्ध केले. पोषणशास्त्रात असल्या पिठाला 'अमायलेजयुक्त पीठ' अशा अर्थाचे नाव आहे.

आम्हाला पटेना, तर मावशींनी करूनच दाखवले. गहू रात्रभर भिजवला, फडक्यात बांधून टांगला. हिवाळा असल्याने मोडांना दोन दिवस पुरते लागले. चौथ्या दिवशी गच्चीवरच्या उन्हात वाळवला, लोखंडी तव्यावर नुसता वास सुटेपर्यंत शेकला, हाताने चोळून मोड पाखडले आणि मिक्सरमध्ये फिरवला. मग पातेल्यात साध्या गव्हाच्या पिठाची अशी लापशी केली, की चमचा तिच्यात उभा राहावा. खाली उतरवून उकळी बसू दिली, कारण फार उकळत्यात ते पाचक द्रव्य मरते. मग त्यात एकच चमचा ते पीठ घालून ढवळत राहिल्या. पाच-सात मिनिटांत पातेल्यातली लापशी मोडली. हा शब्द मावशींचाच. चमचा आडवा झाला आणि लापशी ताकासारखी ओघळू लागली. पुन्हा एक उकळी काढून त्यांनी ती वाटीत दिली. गूळ न घालताही तिला गोडसर चव आली होती, कारण पिठाची साखर होऊ लागली होती.

मेहुणे चकितच झाले. म्हणाले, "आई, हे तर आमचे मॅशिंग!" बीअर बनवताना पहिल्या पायरीला हेच घडते. भरडलेले माल्ट सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात आणि पिठाची साखर होते. पुढे त्यात यीस्ट घातले की बीअर, न घातले की बाळाची वाटी. पोर्टलंडचा पेला आणि करजणची वाटी या जागेपर्यंत एकाच वाटेने येतात. इथून पुढे फाटा फुटतो.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. मोड आलेला गहू ही दारूवाल्यांची मालमत्ता नव्हे आणि दारूबंदीवाल्यांनी घाबरावे अशी वस्तूही नव्हे. ती अन्नविद्या आहे. जगाने ती दोन्हीकडे वापरली. अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा ॲनहायझर-बुशसारख्या बीअर कंपन्या पाववाल्यांना यीस्ट आणि घरोघरी माल्टचे सिरप विकून तगल्या. सिरप भटारखान्यासाठी म्हणून विकले जाई आणि कितीतरी घरांत त्याची गुपचूप बीअर होई, ही गोष्ट वेगळी. इंग्लंडात बर्टनच्या बीअर कारखान्यांतल्या उरलेल्या यीस्टमधून १९०२ साली मार्माइट निघाले. आणि आपल्या आज्या ज्याला शक्तीचे पेय समजून कपाटात जपून ठेवत, ते हॉर्लिक्स काय आहे? जवाचे माल्ट, गहू आणि दूध. हॉर्लिक नावाच्या दोन भावांनी १८७३ मध्ये अमेरिकेत शिकागोला तो धंदा सुरू केला आणि नंतर विस्कॉन्सिन राज्यात, म्हणजे बीअरच्याच मुलखात, रसीनला नेला. ज्या घरात बीअरचे नाव काढायची चोरी, त्या घरात अमेरिकन माल्ट रोज सकाळी दुधातून दिले जात होते. करजणच्या वाण्याकडे मी चौकशी केली. डबे चार प्रकारचे होते. मोड आलेल्या गव्हाचे पीठ म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले आणि "पीठ तर घरी दळतात" एवढेच म्हणाला.

यात काय पणाला लागले आहे ते आकड्यांतच पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गुजरातेतली पाच वर्षांखालची सुमारे ४० टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. दुधासाठी जगभर नाव झालेले हे राज्य. आमच्या सुखवस्तू गोव्यातही हा आकडा सुमारे २४ टक्के, म्हणजे जवळजवळ चौथे मूल. एक चमचा माल्टने हे सगळे सुटेल असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण जी गोष्ट फुकट आहे, जिला यंत्र लागत नाही, जी एका भारतीय विद्यापीठाने तपासून दाखवली आणि जी आपल्या आज्यांना आधीपासूनच येत होती, ती घराघरांतून उठून जावी आणि तिची जागा डब्याने घ्यावी, याचे वाईट वाटायला नको का?

आता गोव्याकडे येतो, कारण दुसऱ्याच्या ताटातले कुसळ दाखवून मोकळे होण्यासाठी मी हे लिहीत नाही.

आमच्याकडे बीअरच्या सामानाची जागा सुरेने घेतली होती. माडाची सूर. रेंदेर सकाळ-संध्याकाळ माडावर चढतो, मडके उतरवतो. ताजी असते तेव्हा ती गोड असते. हवेतल्या यीस्टमुळे काही तासांत फसफसते, आणि ठेवली तर आंबून तिचा विनागर होतो. ती आटवली की माडाचा गूळ, ऊर्ध्वपातन केली की माडाची फेणी. आणि हीच सूर तांदूळ-खोबऱ्याच्या वाटणात घातली की सान्ना फुगतात. पोदेराचा पाव पूर्वी हिच्यावरच फुगे. ख्रिस्ती घरांतले विंदालू आणि चोरीस सुरेच्या विनागराशिवाय होत नसे. आमच्या जुन्या हिंदू घरांत सोवळ्यामुळे पाव लवकर शिरला नाही आणि विनागर तर नाहीच. पण आमच्याकडे नाचण्याचे तिझण होते. नाचणे भिजवून, मोड आणून, वाळवून आई पीठ करून ठेवायची. गूळ आणि नारळाच्या रसात ते शिजवले की उन्हाळ्यात पोटाला थंडावा. म्हणजे एका घरात यीस्टची विद्या, दुसऱ्या घरात माल्टची. बीअरवाल्याला लागतात त्या दोन्ही गोष्टी एकाच वाड्यावर, चार पावलांवर नांदत होत्या.

आज काय आहे? माडावर चढणारा रेंदेर शोधावा लागतो. बापाने काम केले, मुलगा बोटीवर गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पावसात बुळबुळीत माडावर चढायचे आणि संध्याकाळी बाटलीमागे चार पैसे मिळायचे, हे काम कोणी कोणाच्या मुलाला सांगावे? पोदेराकडे पाकिटातले यीस्ट आले. ते झटपट आहे, भरवशाचे आहे. सान्नांतही तेच पडते. विनागर म्हणून कारखान्यातल्या ॲसिटिक आम्लाची बाटली येते. तिझण विचारले तर नव्या सुनेला आजीला फोन करावा लागतो. आणि याच गोव्यात संध्याकाळी बीअरघरात पाट्या लागतात : गव्हाची बीअर, संत्र्याच्या सालीची, धण्याची. सोबत बीअरमध्ये कालवलेल्या पिठातली मासळी. खाणारा म्हणतो, वा, काय नवीन कल्पना!

कल्पना नवीन नाही. आंबवलेल्या पेयाने पीठ फुगवणे आमच्या वाड्यावर कैक पिढ्या चालू होते. फक्त त्याला पाटी नव्हती.

इथे दोन्ही बाजूंच्या मंडळींना मला काही सांगायचे आहे. दारूबंदीवाल्यांना आधी. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० नंतर गुजरातने ठेवला. त्यात दारूची व्याख्या फार ऐसपैस आहे. अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव तिच्यात येतो, ताडी-माडीसुद्धा. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात कायदा बहुतांशी कायम केला, पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यापुरत्या त्यातल्या तरतुदी रद्द केल्या. सान्नांची सूर मात्र सुटली नाही. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत पाहुण्यांना आणि तिथल्या नोकरदारांना पेल्याची सवलत मिळाली. म्हणजे पेल्याला वाट सापडते, पातेल्याला सापडत नाही. आणि विष तर थांबत नाहीच. २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, २०२२ मध्ये बोटादकडे चाळीसहून अधिक. बंदीमुळे कितीतरी घरे वाचली असतील, हे करजणच्या बायकांशी बोलल्यावर मी नाकारणार नाही. रात्री दहाला तिथली मुलगी एकटी स्कूटरवरून येते, त्याचे श्रेय त्या बंदीला देतात. तो त्यांचा अनुभव आहे आणि गोव्यात बसून त्याला हसू नये. माझे मागणे एवढेच, की दारूची भीती धान्याच्या मोडावर नेऊ नका. शाळेत, अंगणवाडीत ही विद्या शिकवा. तिच्यात नशेचा कण नाही.

हे मी काटेकोरपणे म्हणतो, कारण उलटा दावाही चुकीचा असतो. शिजवले की अल्कोहोल सगळे उडून जाते, असे बीअरने स्वयंपाक करणारे सांगतात. ते खरे नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये हे मोजले गेले. पंधरा मिनिटे शिजवल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल शिल्लक होते, अडीच तासांनंतर पाच टक्के. तेव्हा ज्याला वर्ज्य आहे त्याच्या ताटात बीअरचा पदार्थ न सांगता वाढणे हा अपराधच. माल्टच्या पिठाला हा प्रश्न लागू होत नाही, म्हणूनच ते सगळ्यांचे होऊ शकते.

आता बीअरघरवाल्यांना. तुमचा पेला तुम्हाला लखलाभ. पण रोज जो मणभर चोथा तुमच्या पिंपातून निघतो, त्यात तंतू आहेत, प्रथिने आहेत. तो गुरांना जात असेल तर उत्तमच. थोडा वाळवून शेजारच्या पोदेराला द्या, पोयीच्या कोंड्यासोबत तो छान बसेल. आणि स्वयंपाकात यीस्टची चव हवीच असेल, तर परदेशी बीअर पिठात ओतण्याआधी एकदा रेंदेराच्या दारात जा. त्याला बाटलीमागे तो मागेल तो भाव द्या आणि पाटीवर त्याच्या वाड्याचे नाव लिहा. अमेरिकेने आपली गव्हाची बीअर उभी केली ती अशीच. जुनी रीत घेतली, घरचे यीस्ट आणि घरचा गहू वापरला, आणि हे आमचे आहे असे छातीठोकपणे सांगितले. नक्कल करायचीच तर बाटलीची कशाला, त्या छातीची करा.

आणि आपण, जे कुणीच नाही, फक्त बाजारातून पिशवी भरून आणणारे? आपल्या हातात सगळ्यांत जास्त आहे. कायदा आणि कारखाना यांच्यापैकी कुणीही ही विद्या जगवणार नाही, कारण ती दोघांच्याही हिशेबात बसत नाही. ती सवयीवर जगते. फेस्ताच्या सान्ना मागवताना सुरेच्या आहेत का, असे विचारावे आणि असतील तर दोन रुपये जास्त द्यावेत. घरात लहान मूल असेल तर किलोभर गहू किंवा नाचणे भिजत घालावेत. फडके स्वच्छ असावे, बुरशी दिसली तर घाण सगळी फेकून द्यावी आणि मोड चोळून काढावेत. चार दिवसांचे काम, त्यातले आपल्या हाताचे एक तासाचेही नाही. बाकीचे दाणा स्वतःच करतो.

मेहुणे पोर्टलंडला परतले ते मावशींच्या पिठाचा एक डबा घेऊन. त्यांना तीन महिन्यांची मुलगी आहे. पिंपातली बीअर ते बनवत राहतील आणि त्यात मला गैर दिसत नाही. पण मुलीला सहावा महिना लागेल तेव्हा गहू भिजवायचा कसा, हे आईने त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले आहे.